पावसाळ्यात प्रिंटवरचा रंग सुटतो: गोंद आणण्याआधी हे तपासा

जुलै लागला की बडोद्यात प्रिंट करणाऱ्यांकडे, म्हणजे प्लेट किंवा ठोकळा कोरून हाताने चित्रं छापणाऱ्यांकडे, एकच रडगाणं सुरू होतं. इचिंगवर (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटच्या छापावर) किंवा लिनोकटवर (कोरलेल्या लिनोलियमच्या छापावर) हाताने रंग दिलेला असतो, कुठे पातळ नेपाळी कागद चिकटवलेला असतो, कुठे पेस्टल, कुठे आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीचं पान. मार्च-एप्रिलमध्ये काम झकास दिसतं. दोन-चार जोरदार पाऊस झाले की ॲक्रिलिकच्या कडा उचलल्या जातात, चिकटवलेल्या कागदाखाली फुगे येतात, आणि काळी शाई अजून बोटाला लागते हेही तेव्हाच कळतं. मग फोन येतो: "ताई, कुठला गोंद वापरू?"

गोंदाचं पुढे येईलच. आधी एवढं लक्षात घ्या की "रंग सुटतो" ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे चार निरनिराळे दोष असू शकतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याचं वाटोळं करतो. न वाळलेल्या शाईवर वरून वार्निश मारलं की ती शाई कायमची कोंडली जाते. कागद दमट असताना पातळ गोंद सोडला की फुगा दुप्पट होतो. म्हणून नेमका कुठला थर कुठून सुटला हे शोधल्याशिवाय कामाला हात लावू नका.

पोपडा उलटा करून बघा

सुटलेला एक पोपडा चिमट्याने उचला, उलटा करा आणि खिडकीच्या उजेडात भिंगातून पाहा. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल आणि खालची काळी शाई जशीच्या तशी असेल, तर रंगाने शाईला धरलेलंच नव्हतं. पोपड्याच्या पाठीला शाई आली असेल तर शाई आतून ओली होती. पाठीला कागदाचे पांढरे तंतू दिसले तर रंग आणि शाई दोघांचाही दोष नाही, कागदाचा वरचा पापुद्राच निघाला आहे. आणि पोपडा उचलायला जाताच त्याचा भुगा होत असेल, तर तो बहुधा जाड लावलेला ग्वाश (अपारदर्शक जलरंग) किंवा पाणी घालघालून मारलेला ॲक्रिलिक असतो. त्यात रंगाची पूड भरपूर आणि तिला बांधून ठेवणारं द्रव्य कमी.

सोबत आणखी दोन चाचण्या करा. प्रिंटच्या सगळ्यात गडद भागावर पांढरा टिश्यू ठेवा, वर काच आणि काचेवर दोन जाड पुस्तकं. सकाळी टिश्यूवर काळं उमटलं तर शाई वाळलेली नाही, मग हाताला ती कितीही कोरडी लागो. दुसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. वाया गेलेल्या प्रिंटवर, छापलेल्या भागात एक थेंब सोडा. तो मोत्यासारखा गोल बसला तर पृष्ठभाग तेलकट आहे, पसरून जिरला तर पाण्याचे रंग तिथे बसतील.

शक्य असेल तर खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र टांगा. आकडा पासष्ट टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीला अनुकूल काळ सुरू झाला असं धरायचं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो सलग कित्येक दिवस त्याच्या बराच वर असतो.

शाई वाळलीच नव्हती

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा हेच निघतं, म्हणून इथे जरा थांबते.

इचिंगची शाई म्हणजे रंगद्रव्य आणि आटवलेलं जवसाचं तेल. जलरंग वाळतो तो पाणी उडून. जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याच्या कणांच्या साखळ्या जुळतात आणि त्याचा घट्ट थर होतो. त्यासाठी मोकळी हवा, उजेड आणि ऊब लागते. पावसाळ्यात आपण नेमकं उलटं करतो. ओल्या कागदावर प्रिंट काढतो, खिडक्या बंद करतो, प्रिंट एकावर एक रचतो, धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिक घालतो. वरून शाईला साय धरते, आत ती महिनाभर मऊ राहते. त्या सायीवर ॲक्रिलिक चढवला की वरचा थर काही तासांत आवळतो आणि खालचा अजून हलतच असतो. पुढे काय होणार हे सांगायला नको.

काळ्या रंगाचं आणखी एक आहे. काजळीचा काळा स्वभावानेच उशिरा वाळतो. उंबर (मातीपासूनचा तपकिरी रंग) मात्र लवकर वाळतो, कारण त्यात मँगनीज असतं आणि ते तेलाच्या वाळण्याला गती देतं. काळ्यात थोडा भाजलेला उंबर मिसळला की वाळणं सुधारतं आणि काळाही जरा ऊबदार होतो. निळसर काळाच हवा असेल तर हा मार्ग बंद.

शाई लवकर वाळवणारा कोबाल्ट ड्रायर सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळे तो जास्त घालतात. शंभर ग्रॅम शाईला एक-दोन ग्रॅम, त्यापुढे नाही. कोबाल्ट वरचा थर आधी वाळवतो, त्यामुळे जाड शाईत तो जास्त झाला की साय आणखी पटकन धरते आणि मूळ दुखणं वाढतं. हातमोजे घाला, तो अंगाला लावून घेण्याचा पदार्थ नाही. शाई फार तेलकट वाटत असेल तर ड्रायरआधी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळून ती घट्ट करा. तेल कमी, तर वाळायचंही कमी.

स्वस्त पडते म्हणून ऑफसेटच्या डब्यातली शाई अनेकजण वापरतात. माझी तक्रार नाही, सरावाला ती चालते. फक्त ती यंत्रावर अतिशय पातळ थरात बसावी अशी बनवलेली असते. खोल खोदलेल्या प्लेटमध्ये ठासून भरली की तिची वाळण्याची सगळी गणितं बिघडतात.

आणि रॉकेल. प्लेट रॉकेलने पुसून लगेच पुढचा प्रिंट काढायची सवय जुन्या मंडळींकडून आली आहे. रॉकेल सावकाश उडतं आणि मागे तेलकट पडदा ठेवतं. तो शाईत मिसळतो, शाई पातळ होते, रेषेभोवती पिवळसर वलय येतं. प्रिंटच्या पाठीमागून तेलाचा डाग दिसत असेल तर पहिला संशय यावर घ्या, दुसरा कागदावर. खळ किंवा जिलेटिन अजिबात नसलेला हातकागद तेल शोषत राहतो. पुसायला साधं खायचं तेल वापरा, मग खडूची भुकटी आणि भांडी घासायच्या द्रवाने प्लेट स्वच्छ करा. प्लेटवर पाणी फुटून न जाता सलग पसरलं की चिकटपणा गेला असं समजा.

जाता जाता एक, चित्राशी संबंध नसलेलं पण घराशी असलेलं: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगाऱ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बडोद्याच्या मे महिन्यात तर विचारूच नका. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

किती थांबायचं? हिवाळ्यात बारीक रेषांचं इचिंग आठवडाभरात हाताळता येतं. गडद ॲक्वाटिंट (रेषांऐवजी सलग छटा देणारं इचिंग) किंवा सपाट काळ्या लिनोकटला तीन-चार आठवडे द्या. पावसाळ्यात हे दुप्पट धरा. प्रिंट दोरीवर किंवा जाळीच्या मांडणीवर सुटे ठेवा, पंखा थेट अंगावर न सोडता खोलीत फिरता ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर लावा. बंद कपाटात, अंधारात तेल पिवळंही पडतं.

शाई वाळली, तरी ॲक्रिलिक बसत नाही

चित्रकलेत पहिल्या वर्षाला शिकवतात की ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नाही. प्रिंट करताना मात्र आपली शाई हाही तैलरंगच आहे हे सगळे विसरतात. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडतं तसे ते जवळ येऊन एकजीव होतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्याला धरायला खडबडीत जागा लागते. बारीक रेषांच्या इचिंगमध्ये रेषांच्या मधे मोकळा कागद असतो, म्हणून तिथे रंग टिकतो. सपाट काळ्यावर कागदाचे तंतू शाईखाली बुडालेले असतात आणि रंगाला पकडायला काही उरत नाही. म्हणूनच एकाच प्रिंटवर एका कोपऱ्यात रंग घट्ट आणि दुसऱ्या कोपऱ्यात पोपडे असं दिसतं. रंगाची ट्यूब खराब निघाली असा निष्कर्ष काढून नवीन ट्यूब आणू नका.

मधे चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात द्यावा असं फर्निचर पॉलिश करणारे सांगतील. लाकडावर त्यांचं बरोबर आहे, मेण काढलेला चपडा तेल आणि पाणी दोघांनाही धरतो. पण कागद वाकतो, चपडा वाकत नाही, आणि पांढरा कागद त्याने पिवळट होतो. मी तो कोलाग्राफची (पुठ्ठ्यावर पोताच्या वस्तू चिकटवून केलेली) प्लेट वरून लिंपून बंद करायला वापरते, प्रिंटवर कधीच नाही.

खरा उपाय प्लेटवरच करायचा असतो. जिथे पुढे रंग द्यायचा आहे तो भाग प्लेटवर मोकळा सोडा, आम्लापासून झाकून ठेवा किंवा शाई पुसताना तिथे अगदी लख्ख पुसा. मग रंग शाईवर न बसता कागदावर बसेल. काळ्यावरच उजळ रंग हवा असेल तर वाळलेल्या शाईवर तैलरंगाचा पातळ हात, ऑइल पेस्टल किंवा रंगीत पेन्सिल द्या. त्यांचं तेला-मेणाशी जमतं. जलरंगाचे थेंब गोळा होत असतील तर बैलाच्या पित्तापासून बनवलेलं ऑक्स गॉल एक-दोन थेंब पाण्यात घाला. त्याने रंग पसरतो. मात्र पसरला म्हणजे धरला असं नव्हे, हलक्या छटेपुरताच त्याचा उपयोग.

आणि रंग हाताने चढवायलाच हवा का, हेही एकदा स्वतःला विचारा. मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डींनी पॅरिसमधल्या हेटरांच्या आतेलिए १७ या छपाईच्या स्टुडिओत जी पद्धत घडवली, तिच्यात एकाच प्लेटवरून, एकाच दाबात अनेक रंग येतात. प्लेट निरनिराळ्या खोलीची कोरतात, एका शाईत जवसाचं तेल जास्त आणि दुसरीत कमी ठेवतात, एक रोलर मऊ आणि एक कडक. मऊ रोलर खोल भागात पोहोचतो, कडक फक्त उंच भागावर फिरतो, आणि तेलकट शाईवर कमी तेलाची शाई चढत नाही. सगळा रंग शाईचाच, त्यामुळे थर सुटण्याचा प्रश्नच नाही. फक्त जास्त तेलाची शाई वाळायला जास्त वेळ घेते, हे वर सांगितलंच. इतकी तयारी नको असेल तर चिंधीचे छोटे बोळे करून प्लेटवर जागोजागी वेगवेगळ्या शाया भरा. जुनी रीत आहे आणि दुपारभरात हातात बसते.

बडोद्यात हे सगळं एकमेकांत मिसळण्याचं धाडस हवेतच आहे. १९५० पासून इथल्या ललित कला विद्याशाखेत चित्र, शिल्प आणि छपाई शेजारी शेजारी चालत आली. इंदूरचे बेंद्रे इथे चित्रकला शिकवत होते. सुब्रमण्यन भित्तिचित्रांपासून खेळण्यांपर्यंत सगळ्यात हात घालत, जेराम पटेल प्लायवूड ब्लोटॉर्चने जाळून त्यातून चित्र काढत. ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट या कलासंस्थेतून इंटॅग्लिओ (कोरलेल्या खाचांत शाई भरून छापायची रीत) शिकून आले आणि लोककलेतली अक्षरं, आकृत्या त्यांनी प्लेटवर आणल्या. तेव्हा कशावर काय चढवावं याला इथे कुणी आडकाठी करत नाही. फक्त चढवताना खालचा थर काय आहे ते विचारा, एवढंच.

याहून जुनं उदाहरण दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत भिंतीवर सापडतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या शिळाछापांवर (दगडावरून छापलेल्या चित्रांवर) घरच्या बायका जरीचे तुकडे, टिकल्या, रेशमी कापडाच्या साड्या चिकटवत. मिश्र माध्यम हे नाव तेव्हा कुणी दिलं नव्हतं. शिळाछापाची शाई अगदी पातळ थराची असते आणि चित्र घरी येईपर्यंत ती केव्हाच वाळलेली असे. दोष दिसतो तो खळीच्या जागी, तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने. बुरशीला खळ आवडते.

आधी रंग, मग छाप

हा क्रम मला जास्त पसंत आहे, पण त्याचेही काटे आहेत. कागदावर ॲक्रिलिक जाड लावला की कागदाची शोषण्याची शक्ती जाते. मग तुम्ही तो कागद भिजवा, प्रेसमधून काढा, शाई वरच तरंगते. त्यातही सोया तेलाच्या, पाण्याने धुता येणाऱ्या काही शाया मुख्यतः कागदात जिरूनच वाळतात. प्लास्टिकच्या थरावर त्या वर्षभर ओल्या राहतील. डब्यावर वाळण्याची रीत लिहिलेली असते, ती वाचा. रंगवलेल्या पृष्ठभागावर छापायचं असेल तर जवसाच्या तेलाचीच शाई घ्या.

रंग पातळ ठेवा, जलरंगासारखा. पण फार पाणी घातलं की भुगा होणारा दोष येतो, म्हणून पाण्याबरोबर थोडं ॲक्रिलिक मीडियम (रंगाची पूड नसलेलं ॲक्रिलिक) घाला. किंवा खडू मिसळलेलं शोषक ग्राउंड, म्हणजे अस्तर, आधी द्या. कागद टबमध्ये बुडवू नका, पाठीमागून फवारा मारून ओला करा आणि टिपकागदात दाबून ठेवा. उंच, खडबडीत लेप असलेला कागद प्रेसखाली घालाल तर ब्लँकेट (प्रेसच्या रोलरखालचं जाड लोकरी कापड) खराब होईल आणि प्लेटवर चरे पडतील. असा पोत हवा असेल तर तो कोलाग्राफच्या प्लेटमध्ये बनवा.

चिकटवलेल्या पातळ कागदाखाली फुगे

पोपड्याच्या पाठीला कागदाचे तंतू दिसले, किंवा पातळ कागद फुग्यासारखा उचलला, तर प्रश्न ताणाचा आहे. कागद ओलाव्याने पसरतो, आणि तंतूंच्या दिशेला आडवा जास्त पसरतो. खालचा कागद उभा पसरतोय आणि वरचा आडवा, म्हणजे दोघांची रस्सीखेच. मऊ हाताने कागद वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो ती तंतूंची दिशा. दोन्ही कागदांची दिशा एक ठेवा. हातकागदात ही दिशा जवळजवळ नसते, त्यामुळे तो या बाबतीत सोपा.

आता गोंद. सुतारकामाचा पांढरा गोंद या कामाला नको. तो वाळल्यावर परत सुटत नाही, जाड बसतो, कागद ओढतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ करा. मैद्याची करू नका, त्यातल्या प्रथिनांवर कीड येते. एक वाटी सत्त्व, चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत हलवत वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. पारदर्शक आणि घट्ट झाली की गार करून बारीक चाळणीतून घासून काढा. लावताना पाणी घालून ताकासारखी पातळ करा. पावसाळ्यात ती दोन दिवसांच्या वर ठेवू नका, वास यायची वाट तर मुळीच पाहू नका. खळ करायचा कंटाळा असेल तर मिथाइल सेल्युलोज भिजवून ठेवा. त्याची पकड थोडी कमी, पण बुरशीला त्यात रस नसतो.

पातळ कागदाला पाठीमागून खळ लावून वाळू द्या, मग ओलसर मुख्य कागदाबरोबर प्रेसमधून काढा. ओली, वाहती खळ प्रेसखाली गेली तर कडेने बाहेर येते आणि ब्लँकेटला चिकटते. प्रेसमधून निघाल्यावर टिपकागद आणि सपाट फळ्यांच्या मधे वजनाखाली ठेवा, आणि टिपकागद रोज बदला. हे बदलणं लोक टाळतात, आणि फुगे तिथेच जन्माला येतात. शाई ओली असते, म्हणून वरच्या टिपकागदाआधी एक टिश्यू घाला.

उत्तरायणाच्या सुमाराला, कोरड्या हवेत केलेलं काम जुलैत फुगतं यात नवल नाही. जानेवारीत कागद आकसलेला असतो, त्याच मापाने फ्रेममध्ये घट्ट बसवला की पावसाळ्यात त्याला पसरायला जागा उरत नाही. कागद चारी बाजूंनी चिकटवू नका, वरच्या कडेला कागदी पट्टीच्या दोन बिजागऱ्या पुरतात. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवं. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासून हवा खेळेल. बाहेरची, पावसाचा मार खाणारी भिंत असेल तर पावसाळ्यापुरतं चित्र उतरवून ठेवलेलं बरं.

मे महिन्याचं दुखणं वेगळं आहे. पारा चाळिशी ओलांडतो, ॲक्रिलिक मऊ होतो आणि गठ्ठ्यातले प्रिंट एकमेकांना चिकटतात. मधे बटर पेपर घातला तर तोही चिकटतो. बेकिंगला वापरतात तो सिलिकॉनचा कागद घाला, गठ्ठा लहान ठेवा, वर वजन नको. चिकटलेच असतील तर ओढू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, गारव्याने ॲक्रिलिक कडक होतो आणि हलक्या हाताने सुटतो.

सुटलेलं काम वाचवायचं असेल तर

आधी काम कोरडं करा, तेही सावकाश. इस्त्री फिरवू नका; ॲक्रिलिक वितळून इस्त्रीलाच जाईल. कोरडं झाल्यावर उचललेल्या पोपड्याखाली अगदी बारीक ब्रशने पातळ मिथाइल सेल्युलोज सोडा, वर सिलिकॉनचा कागद, त्यावर छोटं वजन, आणि रात्रभर तसंच राहू द्या. शाई आतून ओली असेल तर मात्र काहीही चिकटवू नका. सुटलेला रंग काढून टाका, प्रिंट मोकळ्या हवेत दोन महिने टांगा, मग पुन्हा रंगवा.

बुरशीचे ठिपके दिसले तर तो प्रिंट लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. कोरडा झाल्यावर घराबाहेर, मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला की ती कागदात घुसते. कपाटात कापूर, कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण आर्द्रता तशीच राहिली तर त्याने बुरशी थांबत नाही. सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि ती वेळच्या वेळी तापवून पुन्हा कोरडी करा.

प्लेट शाबूत असेल तर सरळ नवा प्रिंट काढणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. प्रिंट करणाऱ्याला ही सोय आहे, चित्रकाराला नाही. प्रत्येक प्रत वेगळी रंगवली असेल तर आकड्याबरोबर ती बदलती आवृत्ती असल्याची खूण घाला, घेणाऱ्याची फसगत होत नाही. आणि प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने शाई, कागद आणि महिना लिहा. पुढच्या जुलैत कुठला रंग सुटला हे पाहताना याच तीन शब्दांवरून कारण सापडतं.

घरात पाणीच शिरलं तर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री फुगली आणि तळमजल्यावरच्या कित्येक घरांत पाणी आलं, म्हणून हेही लिहून ठेवते. भिजलेला गठ्ठा घाईने सोडवू नका, ओला कागद आपल्याच वजनाने फाटतो. चिखल असेल तर उथळ ताटात स्वच्छ पाणी घेऊन, खाली प्लास्टिकच्या पत्र्याचा आधार देऊन हळू धुवा. वाळलेली तेलाची शाई याला दाद देत नाही, ॲक्रिलिकही बऱ्यापैकी तग धरतो, ग्वाश आणि जलरंग मात्र वाहून जातील. त्यामुळे तसे रंग असलेले प्रिंट धुऊ नका, चिखल वाळल्यावर झटका.

ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळं सुकवणं जमणार नसेल तर प्रिंटांच्या मधे सिलिकॉनचा कागद घालून, पिशवीत बंद करून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि हात मोकळे झाले की दोन-दोन प्रिंट बाहेर काढून सावकाश वाळवता येतात. गोठलेला ॲक्रिलिक काचेसारखा तडकतो, म्हणून बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याला वाकवू नका. काचेला चिकटलेला प्रिंट ओढून काढू नका. फ्रेममधून काचेसकट बाहेर घ्या, काच खाली ठेवून पाठीमागून वाळू द्या, आणि तरीही तो सुटला नाही तर कागद सांभाळणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.